शेवटचा आकडा

“एकही फोन नाही?” हुपरीकर सरांनी विचारलं.

“एकही नाही,” मी म्हणाले. “एकोणीस दिवस झाले, सर. एकतीस ठिकाणं आहेत आणि कुठूनही तक्रार नाही.”

मला वाटलं होतं, ते खूष होतील. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते त्या दिवशी, ठरल्यापेक्षा लवकर, पहिल्यांदाच ऑफिसला आले होते. आमचं ऑफिस कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, खाली पिको-फॉलचं दुकान, लिफ्ट नाही. काठी टेकत, दर आठ पायऱ्यांना थांबत ते वर आले आणि स्वतःच्या खुर्चीकडे न जाता थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी बघितलासुद्धा नाही.

“खरमाट्यांचाही नाही?”

“नाही.”

“म्हणजे काहीतरी बिघडलंय,” ते म्हणाले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

मला त्यांचा असा राग आला! तक्रार आली तर बिघडलंय हे समजू शकतं. तक्रार नाही म्हणून बिघडलंय म्हणणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या हातून काही बिघडू शकतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

याला आता दहा वर्षं झाली. आमची अकरा माणसांची कंपनी होती. बर्फाचे कारखाने, डेअऱ्या, शीतगृहं, जिथं जिथं अमोनियावर थंडी तयार करतात तिथं भिंतीवर वायूचे सेन्सर लावलेले असतात. सेन्सरकडून आकडा घ्यायचा आणि मागेल त्या प्रोग्रॅमला तो द्यायचा, एवढंच आमच्या लायब्ररीचं, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल अशा तयार कोडचं, काम. त्या आकड्याचं पुढे काय करायचं, दिवा हिरवा ठेवायचा की लाल, भोंगा कधी वाजवायचा, हे त्या त्या गावातल्या कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेलं असायचं. लिहिणारे कुठल्या कुठे गेले होते. त्यांचे प्रोग्रॅम मात्र चालू होते आणि ते सगळे आमच्या लायब्ररीच्या भरवशावर उभे होते.

ही लायब्ररी हुपरीकर सरांनी एकहाती लिहिली, तेव्हा मी शाळेत होते. त्यातली एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपायची. सेन्सरची तार निघाली, आत ओल गेली, सेन्सर मेला, की लायब्ररी ९९९ हा आकडा द्यायची. एवढा अमोनिया खरंच हवेत असेल तर माणसाला तिथं उभं राहता येणार नाही. अर्थातच भोंगा वाजायचा. वायू नाही, काही नाही, नुसती तार निसटलेली आणि अख्ख्या आवारात बोंबाबोंब.

“सर, हे चूक आहे,” मी त्यांना एकदा म्हटलं होतं. “सेन्सर मेला असेल तर तसं सांगावं. खोटा आकडा कशाला द्यायचा?”

“चूकच आहे,” ते शांतपणे म्हणाले होते. “घाईत लिहिलं होतं मी ते. पण आता त्या चुकीच्या भरवशावर लोक मशीनच्या खोलीत शिरतात.”

हे असं ते बोलायचे. त्यावर वाद घालायला जागाच ठेवायचे नाहीत.

आमच्या प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे असायचे. पहिला आकडा वाढला तर जुनं काहीतरी बदललंय, सावध राहा. मधला वाढला तर नवीन काही आलंय, जुनं जसंच्या तसं आहे. आणि शेवटचा वाढला तर आम्ही फक्त आतली झाडलोट केली आहे, तुम्हाला काहीही कळणार नाही. शेवटचा आकडा वाढला की सगळ्या ठिकाणची यंत्रं येत्या रविवारी कुणालाही न विचारता नवी आवृत्ती घ्यायची. ती व्यवस्था सरांनीच केली होती. आपण शब्द दिलाय, तो पाळतो, म्हणून लोक विचारत नाहीत, असं ते म्हणायचे.

पहिला आकडा वाढवायचा असेल तर मात्र आधी ‘तार काढणे’ व्हायचं. सर एकेका ठिकाणी स्वतः फोन लावायचे. ऑपरेटरला शिडी घेऊन सेन्सरची तार हाताने उपटायला सांगायचे आणि काय होतं ते फोनवर ऐकत बसायचे. भोंगा ऐकू आला की लाल पुठ्ठ्याच्या वहीत बरोबरची खूण. एकतीस ठिकाणं उरकायला महिना जायचा. कुणी जेवायला गेलेला असायचा, कुणाच्या शिडीचा पत्ता नसायचा. आम्ही तरुण मंडळी याची यथेच्छ टर उडवायचो. मला तर सरांची नक्कल हुबेहूब यायची. कानाला डबा लावून, डोळे मिटून, “काढलीत का? वाजला का? वाजू द्या, वाजू द्या.”

सर ऑपरेशनला गेले त्याच आठवड्यात आमचे मालक निनाद माझ्याकडे आले. एक मोठी डेअरी हातातोंडाशी आली होती. पण त्यांना दाखवलेल्या आलेखात जिकडे तिकडे ९९९चे सुळके उभे राहत होते आणि त्यांचा साहेब विचारत होता, हे काय आहे?

“काढता येईल का ते?” निनाद म्हणाले.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे. बंद सेन्सर असेल तर काहीच द्यायचं नाही, रिकामं ठेवायचं. तेच बरोबर आहे. पण सरांच्या नियमाने पहिला आकडा वाढवावा लागेल. तार काढणे करावं लागेल.”

“सर सव्वा महिना येत नाहीत म्हणाले होते. डेअरीवाले सोमवारी येतायत.”

ते एवढंच बोलले. शेवटचा आकडा वाढव, असं त्यांनी मला सांगितलं नाही. ते मी केलं. ४.२.६ चं ४.२.७. सोबतच्या चिठ्ठीत मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती. बंद सेन्सरसाठी चुकीचा आकडा देणे थांबवले.’ मनातून मला हे कधीचं करायचंच होतं. सर नसताना ते करायला मिळालं याचा, खरं सांगते, मला आनंद झाला होता.

आणि मग फोन बंद झाले.

त्याआधी आठवड्याला सहा-सात फोन असायचे, आणि त्यातला निदान एक बाबासो खरमाट्यांचा. तासगावच्या बाहेर एका बेदाण्याच्या शीतगृहात ते मशीन सांभाळायचे. “मॅडम, तुमचं प्वार परत रडाय लागलंय बगा,” अशी त्यांची सुरुवात. धुलाईचं पाणी उडून त्यांचा सेन्सर सारखा ओला व्हायचा, भोंगा बोंबलायचा, मग ते शिडीवर चढून तार काढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे, परत लावायचे. पुसता पुसता माझ्याशी गप्पा. वीस वर्षं अमोनियात काढून त्यांचं नाक पार मेलेलं. घरात दूध करपलं तरी कळत नाही म्हणायचे.

“मग खोलीत जाताना भीती नाही वाटत?” मी एकदा विचारलं होतं.

“भ्या कशाचं? तुमचं यंतर हाय की. त्येच आता माजं नाक. दिवा हिरवा म्हंजी बाबासो आत. लाल म्हंजी बाबासो भाईर.”

दर एप्रिलला त्यांच्याकडून ऑफिसला बेदाण्याचा खोका यायचा. वर माझं नाव, तेही चुकीचं, ‘केतकी दहीवाले’. मी दहिवलकर.

तर त्या दिवशी सर माझ्या शेजारी बसले होते आणि सकाळचे साडेअकरा झाले होते.

“काय काय बदललंस?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ९९९ काढल्याचं सांगितलं तेव्हा ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत. पिशवीतून लाल वही काढली, पानं उलटली आणि म्हणाले, “रिकामा आकडा आला की तासगावचा प्रोग्रॅम काय करतो?”

“मला कसं माहीत असणार? तो आपण लिहिलेला नाही.”

“मलाही माहीत नाही. म्हणून विचारायचं असतं. खरमाट्यांना फोन लाव. तार काढायला सांग.”

मी हेडफोन चढवला. चेहऱ्यावर असा भाव ठेवला की म्हाताऱ्याचं मन राखतेय. फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

“बोला मॅडम! आज सोताहून फोन?”

“सहजच. भोंगा कसा आहे?”

“ग्वाड झोपलाय बगा. पंधरा-इस दिस झालं, हूं न्हाई की चूं न्हाई. मालक बी खूस.”

“एक काम करता का? सेन्सरची तार जरा काढून बघता?”

“हुपरीकर सायेब आलं वाटतं,” ते हसले. “थांबा. शिडी लावतो.”

शिडी ओढल्याचा आवाज आला. मागे मशीनची घरघर होती. त्यांना जरा खोकला आला. सर डोळे मिटून बसले होते, अगदी मी नकलेत करायचे तसे.

“काढली,” खरमाटे म्हणाले.

मी वाट पाहिली. घरघर तशीच चालू होती. आणखी वाट पाहिली.

“दिवा कसला आहे?”

“हिरवा.”

“तार नक्की काढलीत?”

“हातात हाय की माज्या.”

मी सरांकडे बघून मान हलवली. तोवरही मला खरी भीती वाटलेली नव्हती. काम वाढलं, आता निनादना सांगावं लागणार, एवढंच मनात आलं. सरांनी डोळे उघडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “विचार त्याला, तार काढायच्या आधी आकडा किती होता?”

मी विचारलं.

“शून्य. आता शून्यच असतोय न्हवं.”

“शून्य म्हणतायत,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. जिवंत सेन्सर कधी शून्य दाखवत नाही. दोन, तीन, पाच, परत दोन, असा तो सतत हलत राहतो. आमच्या ऑफिसात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः ते नव्या मुलांना शिकवलं होतं. शून्य याचा अर्थ सेन्सर मेलेला होता, रिकामी जागा येत होती, आणि तासगावच्या कुणा विसरल्या गेलेल्या माणसाचा प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागेला शून्य समजत होता. स्वच्छ हवा. हिरवा दिवा. पंधरा-वीस दिवस.

“तो उभा कुठंय?” सर म्हणाले.

“खरमाटे, तुम्ही आत्ता कुठं आहात?”

“मशीनच्या खोलीत. तार हितंच न्हाई का?”

“दार उघडं आहे ना?”

“भाईरचं लावून घेतलंय. शेजारच्या शेडात बेदान्याला गंधकाची धुरी चाललीया, समदा धूर हिकडंच येतोय. डोळं चुरचुरत्यात सकाळधरनं.”

सरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “काय म्हणतोय?”

“डोळे चुरचुरतायत म्हणतात. सकाळपासून.”

सर उठले. त्यांची काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. दुसरा फोन ओढून ते वहीत शीतगृहाच्या मालकाचा नंबर शोधायला लागले.

“खरमाटे, लगेच बाहेर या,” मी म्हणाले. “आत वायू आहे.”

“का वं? दिवा तर हिरवा हाय.”

“दिव्याकडं बघू नका. तो खोटा आहे. तुम्ही आधी बाहेर या.”

मग ते काहीतरी बोलले, एकच वाक्य, आणि मी तोंड उघडायच्या आत मला फोनमध्ये त्यांच्या मागून एक आवाज ऐकू आला. प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ निघते तसा. आधी बारीक, मग मोठा.

“मायला, व्हॉल्व फुसकाटतोय,” खरमाटे म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता. “मॅडम, पलीकडच्या हालात बाया बसल्यात. निवडाय. इस-बावीस जनी हायत्या.”

“तुम्ही बाहेर या आधी!”

“मधलं दार उगडंच हाय की वं.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता त्यांनी. मला सगळं ऐकू येत होतं. “ए बायांनो, उठा! टाका ती सुपं! भाईर पळा, भाईर!” मग किंकाळ्या, बांगड्या, पत्र्याचं काहीतरी आपटलं, चपला. कुणीतरी कुणाला तरी नावाने हाका मारत होतं. मग दार आपटलं, आणि त्या बाया ऐकू यायच्या बंद झाल्या. त्यांनी ते मधलं दार लावून घेतलं होतं. पण आतून. खोकल्याचा आवाज जवळ आला, लांब गेला. चाक फिरवल्याचा करकर आवाज आला, थांबला, परत आला.

सर तिकडे मालकाशी बोलत होते, अग्निशमन दल, डॉक्टर, पाणी, ओले टॉवेल. इकडे मी हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले होते. मी भोंग्याची वाट बघत होते. सेन्सर मेलाय, प्रोग्रॅमला काही कळत नाहीये, हे सगळं मला पुरतं ठाऊक असताना मी वेड्यासारखी वाट बघत होते, की आता वाजेल, आता तरी वाजेल. इतकी वर्षं त्या आवाजाने मला वैताग आणला होता. माणूस खोकत होता, खोकता खोकता वाकत होता हे आवाजावरून कळत होतं, वाफेचा आवाज हळूहळू कमी होत गेला, मग खोकलाही थांबला. राहिली फक्त मशीनची घरघर आणि माझ्या कानात माझाच श्वास. भोंगा शेवटपर्यंत वाजला नाही.

“केतकी.” सरांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला. “लोक पोचतायत तिथं. आता तिथलं आपल्या हातात नाही. आणखी तीस ठिकाणं आहेत.”

मी हेडफोन परत घ्यायला हात पुढे केला.

“रडायचं असेल तर संध्याकाळी रड,” ते म्हणाले. “आधी ९९९ परत घाल.”

वीस मिनिटांत मी जुना आकडा परत घातला. ४.२.८. पण यंत्रं ती आवृत्ती रविवारी घेणार होती आणि त्या दिवशी बुधवार होता. म्हणून आम्ही फोन करत सुटलो. वहीतलं पान फाडून सरांनी पंधरा नावं मला दिली. नवी आवृत्ती आत्ता घ्या, मी सांगते तसं करा. कुणीही आत जाऊ नका. जेवणाची वेळ झाली, गेली. नगरच्या बर्फ कारखान्यात नवी आवृत्ती घेतल्याबरोबर फोनमध्ये भोंगा किंचाळला. म्हणजे तिथलाही सेन्सर मेलेला होता. मग जालन्याच्या एका डेअरीत. मग आणखी दोन ठिकाणी. तो कर्कश आवाज ऐकून मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होते आणि पलीकडचा ऑपरेटर विचारत होता, मॅडम, वाजला की, आता काय करू?

“वाजू द्या,” मी म्हणत होते. “वाजू द्या.”

खरमाटे वाचले. मिरजेच्या एका दवाखान्यात सात आठवडे होते. उजवा डोळा गेला, डाव्याने माणसाची आकृती तेवढी दिसते. घसा आतून भाजला होता. बायका सगळ्या सुखरूप बाहेर पडल्या, दोघींना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. व्हॉल्व त्यांनी जवळजवळ बंद करत आणला होता. त्याच्या चाकाखालीच ते सापडले.

चौकशीला एक अधिकारी आला. व्हॉल्वची गास्केट जुनी, सेन्सर नादुरुस्त, देखभालीत हयगय, असं त्याने लिहून घेतलं. हुपरीकर सरांनी त्याला लाल वही दाखवून सगळं सांगितलं. आम्ही आकडा बदलला, बदल लहान म्हणून पाठवला, तो लहान नव्हता. निनाद शेजारी पांढरेफटक पडून उभे होते. अधिकाऱ्याने ‘संगणकीय त्रुटी’ असे दोन शब्द लिहिले आणि मला विचारलं, “या एकोणीस दिवसांत तिथून तक्रार आली होती का?”

“नाही,” मी म्हणाले. नोंदवही त्याच्यासमोर ठेवली. तासगावच्या पानावर त्या तारखांना काही नव्हतं.

सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. आता ती लायब्ररी मी सांभाळते. ९९९ आहे तिथंच आहे. दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा किंवा मुलगी येते, चार दिवसांत नाक मुरडून म्हणते, मॅडम, हे चूक आहे. मी म्हणते, चूकच आहे. मी एकेक फोन लावून तार काढायला लावते, डोळे मिटून ऐकत बसते, आणि दाराआड माझी नक्कल चालते ते मला माहीत आहे. त्यांना मी तासगावची हकीकत सांगते. शेवटच्या आकड्याची, हिरव्या दिव्याची, बावीस बायांची. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सरांनाही नाही.

एक फोन आला होता.

नवी आवृत्ती गेल्यावर सहाव्या दिवशी. डेअरीचे लोक पुन्हा येऊन आमच्या ऑफिसात बसले होते, भिंतीवर माझा नवा आलेख होता, एकही सुळका नसलेला. मी फोन खांद्यात धरून बोलत होते.

“मॅडम, आकडा शून्यावरनं हालंना वं. आदी दोन-तीन तरी असायचा. बरूबर हाय न्हवं?”

“शून्य म्हणजे स्वच्छ हवा, खरमाटे,” मी म्हणाले होते. “आता निवांत राहा.”

“मंग झ्याक,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मिनिटभराचा फोन. तो तक्रारीचा नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही, आणि पाच मिनिटांत विसरलेसुद्धा. सरांनी विचारलं तेव्हा मी ठरवून खोटं बोलले नाही. माझ्या लेखी तो फोनच नव्हता. त्या बुधवारी, त्या खोलीतून, व्हॉल्व फुटायच्या आधी खरमाटे जे एक वाक्य बोलले ते हे होतं : “आवं, पन तुमीच म्हनला हुता की, शून्य म्हंजी सोच्छ.” ते ऐकून मला सगळं आठवलं. चौकशीच्या दिवशी ते मला लख्ख आठवत होतं.

मिरजेला मी आणि सर गेलो होतो, तेव्हाच तो अधिकारी तिथं आला होता. डोळ्यांवर पट्ट्या, नाकात नळी. अधिकारी वाकून मोठ्याने म्हणाला, “सेन्सरबद्दल तुम्ही कंपनीला काही कळवलं होतं का?” मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. खरमाट्यांनी मान हलवली. नाही.

अधिकारी गेला. सर डॉक्टरांना भेटायला गेले. मी पलंगाच्या कडेला बसले, आणि इतक्या जवळ जाऊन बोलले की शेजारच्या पेशंटला ऐकू जाऊ नये. त्याही वेळी मी ती काळजी घेतली, याची मला अजून लाज वाटते.

“खरमाटे, तुम्ही त्यांना नाही का म्हणालात? तुम्ही फोन केला होता मला.”

मग त्या भाजलेल्या घशातून, ऐकायला मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला अशा आवाजात, ते म्हणाले,

“त्यो काय तक्रारीचा फोन हुता व्हय, मॅडम? म्या निस्तं इचारलं हुतं.” दम घेतला. “तुमी सांगिटलं. म्या ऐकलं.”